ओळंब्यात नसलेली शाळा

सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला आमच्या बैठकीच्या खोलीतली भिंत वाजायला लागली. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. हॉलंडमधल्या न्यूनेन गावातली आमची घरं एका ओळीत, एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यामुळे दोन घरांत भिंत एकच. पलीकडे मेघना आणि निखिल राहतात. मला वाटलं, कुणी तरी पडलंय आणि मदतीला बोलावतंय. मी तशीच सपाता घालून पळत गेले आणि बेल दाबली.

दार उघडलं एका उंच, किडकिडीत म्हाताऱ्या गृहस्थांनी. इतक्या सकाळी गळ्यात टाय, अंगात कोपरावर रफू केलेला स्वेटर. स्वेटर करडा आणि रफू लाल लोकरीचं.

"तुमच्याकडच्या बाजूला पोकळ आहे," ते म्हणाले.

"काय पोकळ आहे?"

"भिंत. जिन्यापासून मधल्या खांबापर्यंत पोकळ, पुढे भरीव. तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात काढून मला भिंतीबद्दल एवढंच माहीत होतं की ती पांढरी आहे.

"घरात राहतेस आणि भिंत ओळखत नाहीस? कमाल आहे. ये, चहा घे."

ही आमची ओळख. ते मेघनाचे वडील, नुकतेच इंग्लंडहून कायमचे राहायला आलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, आणि नाव मी इथेही लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. त्यांचं म्हणणं, इमारत बांधणाऱ्याचं नाव दगडात कोरावं, पण सांभाळणाऱ्याचं नाव कुठे दिसलं तर त्यानं काम नीट केलं नाही असं समजावं.

काका मूळचे कराडचे. वास्तुकला शिकून तरुणपणी इंग्लंडला गेले आणि एका लहानशा गावच्या नगरपालिकेत जुन्या इमारती सांभाळायच्या नोकरीला लागले. इमारती पुष्कळ होत्या, पण त्यांच्या बोलण्यात एकच यायची. गावची जुनी शाळा. तिच्याबद्दल ते असे बोलायचे की नवख्या माणसाला वाटावं, घरातल्या एखाद्या हट्टी आत्याबद्दल चाललंय. "यंदा थंडीनं तिला फार त्रास दिला असेल," असं ते जानेवारीत म्हणाले तेव्हा मी खरंच विचारलं होतं, कोण हो काका?

ती शाळा एकदम कुणी बांधलीच नव्हती. मधला मोठा दगडी हॉल सगळ्यात जुना. मग कुणी तरी त्याला लाकडी सांगाड्याचा एक मजला चढवला. पुढे राणीच्या काळात लाल विटांची एक लांब बाजू जोडली, टोकाला घंटेचा मनोरा. मनोऱ्याखालची जमीन भुसभुशीत निघाली, म्हणून तो बांधून व्हायच्या आधीच कलला. वरच्या गवंड्यांनी तो सरळ करायचा म्हणून उलट्या बाजूला झुकवत नेला. त्यामुळे मनोरा खाली एकीकडे आणि वर दुसरीकडे वाकलेला. काका हे सांगताना स्वतः कमरेत वाकून दाखवायचे. दगडात 'मुलगे' आणि 'मुली' असं कोरलेली दोन वेगळी दारं. वर्गांच्या खिडक्या मुद्दाम डोक्याच्या वर, म्हणजे उजेड यावा पण पोरांना बाहेरचं काही दिसू नये. आणि मुलग्यांच्या दाराचा उंबरठा मधोमध झिजून परातीसारखा झालेला. मुलं अडखळतात, बदला तो, असं हेडमास्तरांनी किती वेळा सांगितलं. काकांनी बदलला नाही.

"एकदाच अडखळतात," ते म्हणायचे. "मग जन्मभर पाय उचलून चालतात. आणखी काय शिकवणार शाळा?"

असा माणूस न्यूनेनला आला. इथल्या घरांना एकही सुरकुती नाही. सगळ्या खिडक्या एका रेषेत, झुडपांनासुद्धा कोन दिलेला. काकांच्या खिशात कायम एक पितळी ओळंबा असायचा, दोरीला बांधलेला, कराडहून नेलेला. फिरायला निघाले की वाटेतल्या भिंतीला तो लावून ती सरळ उभी आहे का बघायचे. बेकरी, वाचनालय, हाउसआर्ट्सचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांचा, दवाखाना, काही सोडलं नाही. दवाखान्यातल्या बाईंनी मेघनाला हळूच विचारलं होतं की हा काही धार्मिक प्रकार आहे का. प्रत्येक ठिकाणी दोरी भिंतीला समांतर लोंबायची आणि काकांचा चेहरा पडायचा.

"इथं कुणी चुकतच नाही गं," ते मला म्हणाले. "माणसानं राहायचं कुठे?"

गणपतीत शेजारच्या बेस्ट गावातल्या एका क्रीडा-हॉलमध्ये आमच्या मंडळाची आरती चालली होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काका मागच्या खांबावर बोटाच्या पेरांनी ठेका धरून होते. मला वाटलं, भक्तीत रंगलेत. आरती संपल्यावर त्यांनी अध्यक्षांना गाठून सांगितलं, "खांब खोटा आहे. आत नुसता पाइप." अध्यक्ष बिचारे प्रसादाचं ताट घेऊन उभे. त्यांनी घाबरून विचारलं, "मग हॉल रिकामा करायचा का?"

नात त्यांना 'स्खेवे ओपा' म्हणायची, म्हणजे वाकडे आजोबा. मेघना ओरडली तिच्यावर. काका मात्र इतके खूश झाले की शेजारीपाजारी स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागले.

कामाचे त्यांचे दोन नियम होते आणि ते इमारतीपुरते नव्हते. पहिला, दुरुस्ती लपवायची नाही. जुन्या भिंतीत नवा दगड बसवला तर तो नवा आहे हे जवळ येणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून करड्या स्वेटरवर लाल रफू. दुसरा, जुन्याला आपण जे काही जोडू ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर मागे ओरखडासुद्धा राहता कामा नये.

हा दुसरा नियम ते मुलीच्या घरात कसा पाळत होते ते मला उशिरा कळलं. एकदा मेघनाच्या सांगण्यावरून मी त्यांना औषध द्यायला वर माळ्यावरच्या खोलीत गेले. घडीची खाट, भिंतीला टेकवलेली. सूटकेस उघडी, त्यात कपडे व्यवस्थित रचलेले. कपाट रिकामं. काकूंचा फोटो खिडकीत नुसता उभा करून ठेवलेला. येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि भिंतीत एक खिळा नव्हता.

"काका, फोटो टांगून देऊ का?"

"नको. भोक पडेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांचं घर आहे. चांगलं बांधलेलं. माझ्यापायी खुणा कशाला?"

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मेघनानं ती खोली हौसेनं रंगवून घेतली होती.

त्या हिवाळ्यात काकांचा गुडघा बिघडला. आमच्याकडचे जिने म्हणजे शिडीच, त्यात त्यांची खोली दोन जिने वर. एकदा मधल्या वळणावर ते घसरून बसले. हाउसआर्ट्सनी सांगितलं, यापुढे जिना बंद. घडीची खाट आणि सूटकेस खाली दिवाणखान्यात आली. त्याच रात्रीच्या जेवणात काकांनी जाहीर केलं की ते परत जाणार. गावात शाळेच्या समोरच म्हाताऱ्यांसाठी एक निवासगृह होतं, त्यांनी फोन करून खोलीची चौकशीही केली होती. तळमजला, खिडकीतून मनोरा दिसतो.

मेघना दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "तिथे कोण आहे त्यांचं? आई गेली. ओळखीचे सगळे गेले. एका बिल्डिंगसाठी चाललेत ते. आणि मी फोनवर ऐकायचं, पडले म्हणून?"

मी तिला चहा करून दिला. दुसरं काय करणार होते?

निखिल रडणाऱ्यांतला नव्हता, तो प्रॉब्लेम सोडवणाऱ्यांतला. तो आणि मी एकाच कंपनीत, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या मोजमाप विभागात. केसाच्या जाडीला आम्ही डोंगर समजतो. निखिलनं ठरवलं, काकांना शाळा हवीय ना, मग शाळा इथे आणू. शाळेचे जुने मोजणी-नकाशे, काकांनीच तरुणपणी हातानं काढलेले, मेघनाच्या लॅपटॉपवर होते. त्यावरून टीममधल्या तिघांनी मिळून थ्री-डी प्रिंटरवर मॉडेल करायला घेतलं. दोन हात लांब, छताचं एकेक कौल वेगळं. शनिवार-रविवार सगळे त्याच्यावर. मीसुद्धा खिडक्यांच्या पट्ट्या घासून दिल्या.

एका रविवारी दुपारी निखिलनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि वरचं कापड काढलं.

काका बराच वेळ बघत राहिले. टेबलाभोवती एक फेरी मारली. चष्मा काढला, पुसला, घातला. मग खिशातून ओळंबा काढून त्यांनी मनोऱ्याशेजारी धरला. दोरी आणि मनोरा अगदी समांतर.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "कुठली शाळा ही?"

"बाबा, तुमचीच! तुमच्याच ड्रॉइंगवरून केलीय."

"मनोरा?"

निखिल जरा अभिमानानं म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये सगळे कोन थोडे थोडे ऑफ होते. भिंती पॅरलल नव्हत्या, मजले लेव्हलला नव्हते. हातानं मोजलेलं, टेप ढिली पडली असणार. आम्ही मेजरमेंट एरर समजून सगळं करेक्ट करून घेतलं."

काकांनी ओळंब्याची दोरी गुंडाळून खिशात टाकली. ज्या मोजणीसाठी त्यांनी एक अख्खा उन्हाळा पोटावर सरपटत काढला होता, तिच्यातली शाळा तेवढी आम्ही चूक म्हणून पुसून टाकली होती. आमच्या विभागाकडून दुसरं काही होणंही शक्य नव्हतं. ते निखिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार कष्ट घेतलेत, निखिलराव." आणि दिवाणखान्यात जाऊन बसले. निखिलचा चेहरा बघवत नव्हता.

मला वाटलं, संपलं. आता ते जाणार.

पण सकाळी भिंत वाजली. टक, टक, टक. गेले तर काका टेबलाशी उभे, हातात मेघनाचा केस वाळवायचा ड्रायर.

"हे प्लॅस्टिक तापवल्यावर वाकतं का गं?"

"वाकतं. पण काका..."

"निखिलरावांना बोलाव. त्यांना म्हणावं, मनोरा वाकवायचा आहे. मला एकट्याला धरवत नाही."

पुढचे कित्येक आठवडे सासरा-जावई ती शाळा बिघडवत होते. काका डोळे मिटून सांगायचे, "हॉलची मागची भिंत पोटात आलीय. आणखी. आणखी थोडी. बस!" आणि निखिल, ज्यानं आयुष्यभर चुका कमी करण्याचा पगार घेतला, तो ड्रायरनं भिंतीला पोट आणायचा. उंबरठा कानशीनं घासून मधोमध झिजवला. विटांची बाजू जिथे दगडाला मिळते तो सांधा निखिलनं भरून घेतला होता, तो काकांनी कोरून पुन्हा उघडा केला. कामावर निखिल मला सांगायचा, "काल छत सॅग केलं. भारी झालंय." इंग्लंडचा विषय कुणी काढत नव्हतं. निवासगृहाला काकांनी वसंतापर्यंत थांबायला सांगितलं होतं, एवढंच मेघनाकडून कळलं.

एका संध्याकाळी काकांनी तळमजल्यावरच्या एका वर्गाच्या खिडकीखाली बोट ठेवलं. "इथे एक पायरी हवी. लाकडी."

"ड्रॉइंगमध्ये नाहीये, बाबा."

"नसणारच. ती इमारतीचा भाग नाही."

काकू त्या शाळेत गणित शिकवायच्या. तो त्यांचा वर्ग. काकू उंचीला अगदी बेताच्या, आणि खिडक्या डोक्याच्या वर. त्यांनी काकांना कितीदा म्हटलं, मधल्या सुट्टीत मला जरा झाड दिसेल असं काही तरी करून द्या. काका नियमावर बोट ठेवून नाही म्हणत राहिले. ऐतिहासिक भिंत, तिला हात लावायचा नाही, बायकोसाठी तर नाहीच नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा काकूंनी मागणं सोडून दिलं. तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी स्वतः एक लाकडी पायरी करून दिली. भिंतीला न जोडता, नुसती ठेवलेली.

"त्यावर उभी राहून ती डबा खायची," काका म्हणाले. "ती रिटायर झाली त्या दिवशी मी पायरी उचलून घरी आणली. भिंतीवर काही खूण नव्हती. मला त्याचा फार अभिमान वाटला होता तेव्हा." त्यांचं बोट अजून त्या खिडकीखालीच होतं. "आता वाटतं, एखादी खूण राहायला हवी होती तिची तिथे."

निखिलनं नखाएवढी पायरी करून आणली. चिकटवायला गेला तर काका म्हणाले, "नको, सुटीच ठेवा. होती तशी."

निखिलनं पायरी सुटीच ठेवली. पण त्याच आठवड्यात त्यानं मागच्या बागेत घराला लागून एक खोली काढायचं ठरवलं. तळमजला, जिना नाही. काकांनी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी दोन अटींवर कबूल झाले. एक, विटा जुन्या विटांशी जुळवून आणायच्या नाहीत. "मी नंतर आलोय, ते दिसू दे." दुसरी, खोली घराला नुसती टेकवायची, भिंतीत भिंत गुंतवायची नाही. म्हणजे ते गेल्यावर ती काढून टाकली तर मूळ घर होतं तसं. ही अट मान्य नसेल तर वसंतात इंग्लंड.

निखिल बरं म्हणाला.

गवंडी आला तो इथलाच, ब्राबंटचा, लाल गालांचा आणि अबोल. खोलीची एक बाजू आमच्या कुंपणाला लागून असल्यामुळे मीही त्या सकाळी बागेत होते, हातात चहाचा ट्रे. पाया आधीच झाला होता. गवंड्यानं छिन्नी घेतली आणि घराच्या जुन्या भिंतीतली एक वीट फोडून काढली. मग एक सोडून वरची. मग पुन्हा एक सोडून.

आपल्याकडचे गवंडी याला दाते म्हणतात. जुन्या भिंतीत अशा खाचा करायच्या आणि नव्या विटांची टोकं त्यांत अडकवायची. मग त्या दोन भिंती राहत नाहीत.

काका काठी टेकत बाहेर आले. आवाज ऐकूनच त्यांना कळलं असणार. "स्टॉप! स्टॉप इट!" गवंडी थांबला आणि निखिलकडे बघायला लागला.

"निखिलराव, आपलं काय ठरलं होतं?"

"विटा वेगळ्या आणल्यात, बाबा. बघा ना, पिवळ्या आहेत. पण गुंतवून घेतोय मी."

"मी नाही म्हटलं होतं."

"सुटी ठेवली तर चार-पाच वर्षांत सांध्यातून पाणी येईल. दोन्ही भिंती आपापल्या बाजूला खचतील. तुम्हाला माहितीये हे, माझ्यापेक्षा जास्त."

"खचू दे. तेव्हा मी नसेन."

"आम्ही असू ना!" निखिल इतक्या मोठ्यानं बोललेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "आम्ही इथेच असू. तुमची बाजू वेगळी होऊन खचलेली मला बघायची नाहीये. मेघनाला तर नाहीच. तुमचा नियम शाळेला असेल, बाबा. हे घर आहे."

दारात मेघना उभी होती. मी चहाचा ट्रे खाली गवतावर ठेवला.

काका खाचांकडे बघत राहिले. एका खाचेत त्यांनी हात घातला आणि आतून चाचपून पाहिलं. मग गवंड्याच्या हातातली पिवळी वीट घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "त्याला विचारा, भिजवून नाही का घेणार? कोरडी वीट धरत नाही."

मग त्यांनी खुर्ची मागवली आणि दिवसभर तिथे बसून त्या गवंड्याला भंडावून सोडलं. त्यांना डच येत नव्हतं आणि त्याला इंग्रजी बेताचंच, पण भांडण उत्तम चाललं होतं. मेघना आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन सगळ्यांना पोहे दिले. गवंड्यानंही खाल्ले.

खोली झाली. सामान हलवलं त्या दिवशी काकांनी हातोडी मागितली. काकूंच्या फोटोसाठी असेल म्हणून मेघना धावत घेऊन आली. फोटो त्यांनी टांगलाच, पण त्याआधी समोरच्या भिंतीत एक चांगला लांब खिळा ठोकला आणि त्यावर ओळंबा अडकवला. दोरी हलून हलून स्थिर झाली. वर भिंतीला लागून होती, खाली बोटभर सुटली होती.

"भिंत कललीय!" निखिल म्हणाला. "बोलावतो त्याला उद्या. हे चालणार नाही."

"कुणाला बोलावू नका," काका म्हणाले. असं प्रसन्न तोंड मी त्यांचं पूर्वी बघितलं नव्हतं. "एवढी खोली तरी राहण्यासारखी झालीय." आणि त्यांनी सूटकेस उघडून कपडे कपाटात लावायला घेतले.

पुढे काही वर्षं ते त्या खोलीत राहिले आणि तिथेच, झोपेत गेले. मला त्यांची फार आठवण येते. सकाळी भिंत वाजत नाही. मी कधी कधी स्वतःच वाजवून बघते, जिन्यापासून खांबापर्यंत पोकळ, पुढे भरीव. वाकडी शाळा अजून त्यांच्या खिडकीत आहे. ती नखाएवढी पायरी झाडलोट करताना हमखास पडते, आणि मग सगळं घर गुडघ्यांवर बसून ती शोधतं.

मध्यंतरी मेघना-निखिलनं घराला आतून रंग लावून घेतला. रंगारी त्या खोलीत काम करत होता तेव्हा मी मेघनाची कुंडी परत द्यायला गेले होते. त्यानं ओळंबा उतरवून बाजूला ठेवला, पक्कड घेतली आणि खिळ्याला लावली.

"तो राहू दे," निखिल त्याला डचमध्ये म्हणाला.

रंगारी हसला. साधा खिळा आहे, आत्ता निघेल, भोक भरून वरून रंग मारला की कळणारसुद्धा नाही, असं त्यानं समजावून सांगितलं.

"नाही," निखिल म्हणाला. "तो निघत नाही."